पिकअपच्या हौद्यासाठी रॅचेट पट्ट्यांचा संच: आठ महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

कार्यशाळेतील यंत्रे, जनित्रे, पाइपांचे जुडगे आणि बांधकामाचे साहित्य अशी जड ओझी मला आठवड्यातून दोन-तीनदा पिकअपने न्यावी लागतात. दोराने माल आवळण्याची सवय हाडीमाशी खिळलेली असल्यामुळे रॅचेट पट्ट्यांकडे, म्हणजे दांडी दाबून दातेरी चाकाने आवळायच्या पट्ट्यांकडे, वळायला मला उशीर झाला. परंतु गेले आठ महिने मी एकच संच सतत वापरत आहे आणि त्याच्याविषयी सविस्तर लिहिण्याइतका अनुभव आता गाठीशी आहे. संचात ५० मिलिमीटर रुंदीचे आणि पाच मीटर लांबीचे चार पॉलिएस्टर पट्टे आहेत, प्रत्येक पट्ट्याला एक रॅचेट आणि दोन्ही टोकांना हूक आहेत, शिवाय मालाच्या कडांवर पट्ट्याखाली ठेवायची प्लॅस्टिकची आठ कोनरक्षके आणि मालाखाली घालायच्या आठ मिलिमीटर जाडीच्या रबरी चटईचे चार तुकडे आहेत. याच घडणीचे संच अनेक उत्पादक काढतात, त्यामुळे येथे नावाऐवजी घडणीविषयी आणि वापराविषयीच लिहितो.

माझे मत आधीच सांगतो. पट्टे चांगले आहेत, परंतु या संचातील सर्वांत मोलाची वस्तू पट्टे नसून रबरी चटईचे ते चार तुकडे आहेत, आणि ग्राहकाची सर्वांत जास्त दिशाभूल करणारी गोष्ट म्हणजे वेष्टनावर ठळक छापलेला ५००० हा आकडा आहे.

तो आकडा खोटा नाही, पण तो कशाचा आहे हे समजून घेतले पाहिजे. पट्ट्यावर शिवलेल्या निळ्या पाटीवर तीन आकडे आहेत. पहिला एलसी, म्हणजे पट्टा सरळ ओढीत किती जोर सुरक्षितपणे सोसेल याची मर्यादा; ती येथे २५०० डेकान्यूटन आहे. एक डेकान्यूटन म्हणजे जवळजवळ एका किलोच्या वजनाइतका जोर. हाच पट्टा मालाभोवती वेढा घालून दोन्ही टोके गाडीत अडकवली, तर भार दोन पदरांवर वाटला जातो आणि मर्यादा दुप्पट होते. वेष्टनावरचे ५००० तेथून आलेले आहेत. दुसरा आकडा एसएचएफ, म्हणजे दांडी दाबताना माणसाने लावायचा प्रमाण हातजोर, तो ५० डेकान्यूटन. तिसरा एसटीएफ, म्हणजे एवढ्या हातजोराने रॅचेट दाबल्यावर पट्ट्यात प्रत्यक्ष किती ताण उरतो; तो येथे ३०० डेकान्यूटन आहे. माल वरून दाबून बांधायचा असेल तर आपल्याला मिळणारा दाब या ३०० मधून येतो, २५०० मधून नाही आणि ५००० मधून तर मुळीच नाही. युरोपातील ईएन १२१९५-२ या मानकानुसार हे तिन्ही आकडे पाटीवर असावेच लागतात, आणि पाटीचा रंगसुद्धा ठरलेला आहे: पॉलिएस्टरला निळा, पॉलिअमाइडला हिरवा, पॉलिप्रोपिलीनला तपकिरी. ज्या पट्ट्यावर एसटीएफ लिहिलेली नाही तो जड मालासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या संचातील पाटी शिवणीत घट्ट बसलेली आहे आणि आठ महिन्यांनंतरही स्वच्छ वाचता येते, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

आता चटईकडे येतो. जोरात ब्रेक लावला असता माल आपल्या वजनाच्या सुमारे आठ-दशांश इतक्या जोराने पुढे रेटला जातो असे धरून बांधणीचा हिशेब केला जातो. बाजूला आणि मागे तो निम्म्या वजनाइतका धरतात. माझ्याकडील लेथ वजनकाट्यावर ४०० किलो भरले. म्हणजे त्याला पुढे सरकू न देण्यासाठी ३२० किलोइतका विरोध हवा. लोखंडी बैठक लोखंडी हौद्यावर टेकली असेल तर घर्षणाचा गुणांक, म्हणजे खाली पडणाऱ्या दाबाचा कितवा हिस्सा सरकण्याला विरोध करतो तो आकडा, हिशेबासाठी ०.२ च्या आसपास धरतात, म्हणजे यंत्राचे स्वतःचे वजन जेमतेम ८० किलोचा विरोध करते. उरलेले २४० किलो केवळ पट्ट्यांच्या दाबाने मिळवायचे, तर वरून १२०० किलोचा दाब द्यावा लागेल. बैठकीखाली रबरी चटई घातली की गुणांक ०.६ धरता येतो. तेव्हा यंत्राचे वजनच २४० किलो सांभाळते, बाकी ८० उरतात आणि त्यासाठी सुमारे १३५ किलोचा दाब पुरतो. चटईच्या काही तुकड्यांनी पट्ट्यांवरचे काम नऊपटींनी हलके झाले. हा हिशेब मी प्रथम कागदावर मांडला तेव्हा माझा त्यावर विश्वास बसला नव्हता, म्हणून तो प्रत्यक्ष करून पाहिला.

एका मोकळ्या, कुंपण घातलेल्या मैदानात, आसपास कोणी नसताना, लेथ हौद्यात ठेवले. बैठक आणि केबिनकडील भिंत यांच्यात वीतभर अंतर होते. बैठकीच्या चारही बाजूंनी हौद्याच्या पत्र्यावर खडूने रेघ ओढली, वरून दोन पट्टे आवळले, आणि गाडी हळू वेगात नेऊन एकदम ब्रेक दाबला. चटईशिवाय केलेल्या पहिल्या प्रयत्नात बैठक रेघेच्या चार बोटे पुढे गेली होती आणि पत्र्यावर रंग खरवडल्याचा चकचकीत पट्टा उमटला होता. दोन्ही पट्टे ताठच होते. हाताने छेडल्यावर त्यांतून पहिल्यासारखाच ठणठणीत आवाज येत होता. पट्टा सुटला नाही, तुटला नाही, ढिलाही झाला नाही, आणि तरीही ४०० किलोचे यंत्र सरकले होते. चटई घालून, त्याच दोन पट्ट्यांनी, तोच प्रयोग पुन्हा केला. बैठकीची कड खडूच्या रेघेवर होती तशीच राहिली. त्या दिवसापासून चटईचे तुकडे मी पट्ट्यांच्या आधी गाडीत टाकतो.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. चटई सरकणे थांबवते, कलंडणे थांबवत नाही. उंच आणि अरुंद माल, उदाहरणार्थ उभे ड्रिल यंत्र किंवा लोखंडी कपाट, तळाशी घट्ट चिकटून बसला तर धक्क्याने सरकण्याऐवजी उलथण्याचा धोका असतो. अशा मालाला वरून दाबणाऱ्या पट्ट्यांच्या भरवशावर न ठेवता त्याच्या वरच्या भागातून चार दिशांना तिरपे ताण देणारे चार पट्टे बांधावेत, किंवा शक्य असेल तर तो आडवा करून न्यावा. तिरप्या बांधणीत पट्टा मालाला थेट धरून ठेवतो, त्यामुळे तेथे एलसीचा आकडा कामाला येतो; संचात चार पट्टे असण्याचा खरा उपयोग मला अशाच वेळी झाला.

परंतु पट्टा कितीही दणकट असला तरी तो ज्या कडीत अडकतो तिच्यापेक्षा बांधणी बळकट होऊ शकत नाही. माझ्या पिकअपच्या माहितीपुस्तिकेत हौद्यातील प्रत्येक कडीची मर्यादा २५० किलो दिलेली आहे. काही गाड्यांत ती याहून बरीच कमी असते. म्हणजे ३०० डेकान्यूटनचा ताण देणारे रॅचेट मी पूर्ण जोराने आवळले, तर नुसत्या आवळण्यानेच कडीची मर्यादा ओलांडली जाते, आणि ब्रेकचा हिसका तर अजून बसायचाच असतो. वर सांगितलेल्या प्रयोगात मी दांडी पूर्ण जोराने दाबली नव्हती, ती याच कारणाने. पुढे मी हौद्याच्या तळाखाली चासीच्या आडव्या तुळ्यांना बोल्टने जोडलेल्या चार जाड कड्या बसवून घेतल्या. संचासोबतच्या पत्रकात कड्यांविषयी एक अक्षरही नाही, ही मला गंभीर उणीव वाटते. २५०० चा पट्टा घेऊन तो हौद्याच्या पातळ कडेला किंवा फाळक्याच्या बिजागरीला अडकवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि विकणाऱ्याने चार ओळी छापल्या असत्या तर त्यांतील काही जण नक्की सावध झाले असते.

कोनाचा मुद्दाही पत्रकात नाही. पट्टा मालाच्या कडेवरून जितका उभा खाली उतरेल तितका त्याचा दाब पुरेपूर मिळतो. तो हौद्याच्या तळाशी ३० अंशांचा कोन करत असेल तर ताणाच्या निम्माच जोर खाली लागतो. ६० अंशांना जवळजवळ ८७ टक्के लागतो. जनित्रासारखा बुटका माल हौद्याच्या मधोमध ठेवून दोन्ही बाजूंच्या कड्यांना पट्टा ओढला की तो जवळजवळ आडवाच पडतो, डोळ्यांना मात्र अगदी ताठ दिसतो. अशा वेळी मालावर एक-दोन लाकडी ठोकळे ठेवून पट्ट्याला उंची द्यावी, किंवा सरळ तिरपी बांधणी करावी.

रॅचेटची घडण समाधानकारक आहे. दात खोल आहेत, चाप खटकन बसतो, आणि मधल्या दांड्याच्या खाचेतून पट्टा ओवून दोन ते तीन वेढे बसले की तो घसरत नाही. यापेक्षा जास्त वेढे झाले तर पट्ट्याची गुंडाळी फुगून रॅचेट अडकते, म्हणून दांडी दाबण्यापूर्वी ढिला पट्टा हाताने ओढून घेणे आवश्यक आहे. तक्रार आहे ती आखूड दांडीविषयी. ती वर ढकलून आवळावी लागते, आणि हौद्याच्या बाहेर उभे राहून, कठड्यावरून हात आत घालून वर ढकलताना पुरेसा जोर लावता येत नाही. खांदा मात्र भरून येतो. लांब दांडीचे आणि खाली ओढून आवळायचे रॅचेट मिळते, त्यात शरीराचे वजन कामी येते आणि एसटीएफही बरीच जास्त असते. कमी जोर लागतो म्हणून दांडीत पाइप खुपसून ती दाबणे मात्र धोक्याचे आहे, कारण तसे केल्यावर पाटीवरच्या कोणत्याही आकड्याला अर्थ राहत नाही. सोडतानाही सावधपणा हवा. दांडी पूर्ण उलटी केली की सगळा ताण एकाच क्षणी सुटतो, आणि वाटेत माल कलून पट्ट्याच्याच आधाराने उभा असेल तर तो त्याच क्षणी अंगावर येऊ शकतो. म्हणून मी आधी मालाभोवती एक फेरी मारतो आणि मगच चापाला हात लावतो.

पाच मीटर लांबी पिकअपला जास्त होते. लहान यंत्र बांधल्यावर दोन-अडीच मीटरचे शेपूट उरते, आणि ते बांधून ठेवण्यासाठी संचात साधी पट्टीसुद्धा नाही. मोकळे टोक वाऱ्याने फडफडून झिजते ते एक वेळ चालेल, परंतु ते कठड्याबाहेर लोंबून चाकात गेले तर अनर्थ होईल. मी ते टोक घडी करून ताठ पट्ट्याच्याच आत खोचतो. ज्यांच्या हौद्याची रुंदी दीड-पावणेदोन मीटर आहे त्यांनी तीन किंवा फार तर चार मीटरचे पट्टे घ्यावेत.

हुकांबाबत मी नाराज आहे. ते दुहेरी तारेचे, उघड्या तोंडाचे आहेत. मोठ्या ट्रकच्या पट्टीला ते छान बसतात, पण पिकअपच्या लहान कडीत दोन तारांपैकी एकच शिरते आणि भार हुकाच्या पोटात न बसता टोकाकडे येतो. शिवाय खराब रस्त्यावर माल जरा दबून पट्टा ढिला पडला की उघडा हूक कडीतून उडी मारू शकतो. माझ्या बाबतीत एकदा तसे होता होता राहिले. निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून पट्टे तपासण्याची सवय आहे, म्हणून एक हूक कडीच्या अगदी ओठावर आलेला वेळीच दिसला. पोत्यांसारखा मऊ माल तर हमखास बसतो आणि पट्टे ढिले होतात. तेथे पहिला थांबा याहूनही लवकर घ्यावा. स्प्रिंगच्या झडपेने बंद होणारे हूक या संचात असते तर त्याची योग्यता कितीतरी वाढली असती.

कोनरक्षके साधी आहेत, पण ती न वापरल्याची शिक्षा पट्ट्याला तत्काळ मिळते. एकदा घाईत मी ओतीव लोखंडाच्या बैठकीवरून पट्टा तसाच नेला. मुक्कामी पोहोचल्यावर पाहिले तर पट्ट्याच्या काठावर पांढरे तंतू पिसारल्यासारखे उभे राहिले होते आणि बोटाने चाचपल्यावर सहा मिलिमीटरची चीर लागली. रुंदीच्या दहा टक्क्यांहून अधिक चीर गेलेला पट्टा बाद करावा असा नियम आहे. ५० मिलिमीटरला ती मर्यादा पाच मिलिमीटर होते. पट्टा दिसायला धडधाकट होता, तरी मी तो मधोमध कापून टाकला, कारण अखंड ठेवला असता तर कोणीतरी तो पुन्हा वापरलाच असता. तुटलेल्या पट्ट्याला गाठ मारून काम भागवणेही तितकेच चुकीचे आहे. गाठीपाशी पट्ट्याचे बळ निम्म्याच्या आसपास येते.

बांधकामाचे साहित्य नेणाऱ्यांसाठी एक इशारा आवश्यक आहे. पॉलिएस्टर बहुतेक आम्लांना दाद देत नाही, परंतु अल्कधर्मी पदार्थांनी ते कमजोर होते, आणि ओले सिमेंट चांगलेच अल्कधर्मी असते. ओले सिमेंट लागलेला पट्टा तसाच वाळू देऊ नये. लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा, कारण सततच्या कडक उन्हानेही तंतू जुने होतात. रॅचेटच्या फिरत्या भागांना तेलाचे दोन थेंब पुरतात, पट्ट्याला मात्र तेल लागू देऊ नये. आठ महिन्यांत रॅचेटच्या चापावर थोडा गंज दिसू लागला आहे, पण हालचालीत अडथळा नाही.

या संचाने कोणती कामे होणार नाहीत हेही सांगितले पाहिजे. सुटी वाळू आणि खडी पट्ट्याने बांधता येत नाही, त्यांना कठड्यापर्यंत कसून ताणलेली ताडपत्रीच हवी. तेथे खरा धोका वजनाचा असतो: एक घनमीटर कोरडी वाळू सुमारे १६०० किलो भरते आणि ओली त्याहून जड, त्यामुळे हौदा दिसायला अर्धा भरला तरी अनेक पिकअपांची क्षमता संपलेली असते. गाडीची भारक्षमता म्हणजे तिचे कमाल मान्य वजन वजा तिचे रिकामे वजन, आणि उरलेल्या आकड्यात माणसे, अवजारांची पेटी आणि हे पट्टेसुद्धा मोजायचे असतात. जड माल मागच्या एक्सलच्या पुढे, केबिनकडे ठेवावा. तो एक्सलच्या मागे गेला की पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग सैल लागते आणि रात्री दिव्यांचा झोत वर आभाळाकडे जातो. पाणी अर्ध्या भरलेल्या टाकीतून नेऊ नये, कारण आतले हेलकावे कोणत्याही बांधणीला जुमानत नाहीत.

पाइप आणि सळ्यांच्या जुडग्यावरून नुसता पट्टा टाकून आवळला, तर बाहेरचे पाइप धरले जातात आणि मधले ब्रेकसरशी भाल्यासारखे पुढे निसटतात. तेथे पट्ट्याचा पूर्ण वेढा जुडग्याभोवती घालून मग तो कडीला न्यावा, असे वेढे दोन ठिकाणी द्यावेत आणि पाइपांची पुढची टोके जाड फळीला टेकवावीत. ही फळी मी आता प्रत्येक जड मालाला वापरतो. केबिनकडील भिंत पातळ पत्र्याची असते, फळीमुळे मालाचा रेटा तिच्यावर एका बिंदूत न येता पसरतो. आणि माल मुळातच फळीला टेकलेला असेल तर ब्रेकच्या वेळी त्याला वेग घ्यायला जागाच उरत नाही.

बाद केलेल्या पट्ट्याच्या जागी मी एक सुटा पट्टा घेतला. तो तीन मीटर लांब, लांब दांडीचा आणि झडपेच्या हुकांचा आहे, पाटीवर त्याची एसटीएफ ५०० आहे, आणि संचातील उरलेले तीन पट्टे झिजतील तसे मी याच घडणीचे घेणार आहे. रबरी चटईचे तुकडे मात्र त्याच प्रकारचे आणखी चार मागवले आहेत.